मूठ बारीक, लांबी तेवढीच

सुरीफेक शिकायला कुणी नवीन आलं की मी आधी त्याचा हात बघते. तळहात पुढे करायला सांगते, चार बोटांच्या मुळाशी पट्टी आडवी धरते आणि रुंदी वहीत लिहून घेते. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. शेवटी एक गोल दांडी मुठीत धरायला देते आणि बोटांची टोकं कुठवर येतात ते पाहते. माझ्याकडे येणाऱ्यांत मुली आणि बायका बऱ्याच असतात. त्यांच्यातल्या पुष्कळजणींचा तळहात सात-साडेसात सेंटिमीटर रुंद असतो. पण लहान हात फक्त बायकांचेच असतात असं नाही. चांगले उंचेपुरे, व्यायाम करणारे पुरुषही येतात आणि त्यांची बोटं आखूड निघतात. हाताचं माप उंचीवरून किंवा ताकदीवरून ओळखता येत नाही. ते घ्यावंच लागतं.

सुरीफेक म्हटलं की आपल्याकडे अजून सर्कस आठवते. फळीला पाठ टेकून बाई उभी, आणि समोरून सुऱ्या फेकणारा पुरुष. युरोप-अमेरिकेत आता हा रीतसर स्पर्धांचा खेळ आहे. लाकडी ओंडक्यावर वर्तुळं आखलेली असतात, अंतरं ठरलेली असतात आणि बायका स्वतः सुरी फेकतात, पदकं घेतात. तरीही बाजारात मिळणाऱ्या सुऱ्यांकडे पाहिलं, तर त्या घडवताना कुणाचा हात डोळ्यांसमोर होता ते लगेच कळतं. एकीकडे साडेतीनशे ग्रॅमच्या रुंद, जाड, जड सुऱ्या. दुसरीकडे बोटभर लांबीच्या, चकचकीत, पातळ स्टेनलेसच्या, दिसायला सिनेमातल्यासारख्या आणि ओंडक्यावर आपटून परत येणाऱ्या. लहान हाताच्या माणसाला दुकानदार ही दुसरी जात पुढे करतो. ‘मॅडम, ही हलकी आहे, तुम्हाला झेपेल.’ माझ्या मते या खेळात नवख्या माणसाचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कुठल्या सल्ल्यानं होत नाही.

कारण सुरी हवेत सरळ जात नाही, ती गिरक्या घेत जाते. मुठीकडून धरून खांद्यावरून फेकली, तर साधारण तीन ते चार मीटरवर तिची एक गिरकी पुरी होते आणि टोक समोर येतं. त्या नेमक्या क्षणी लाकूड समोर असलं तर सुरी रुतते. मूठ वर आणि टोक खाली अशी लागली तर गिरकी जास्त झाली, म्हणून अर्धं पाऊल पुढे यायचं. मूठ खाली लोंबली तर गिरकी अपुरी राहिली, म्हणून अर्धं पाऊल मागे जायचं. पहिल्या दिवशी मी शिकवते ते एवढंच.

आता या अर्ध्या पावलाची किंमत सुरीच्या लांबीवर ठरते. एखादी सुरी तीन मीटरमध्ये एक गिरकी घेत असेल, तर तीस सेंटिमीटर पुढे-मागे उभं राहिल्यानं तिच्या टोकात 36 अंशांचा फरक पडतो. थोडी तिरकी लागेल, पण रुतेल. तीच गिरकी दोन मीटरमध्ये पुरी होत असेल, तर त्याच चुकीला 54 अंशांचा फरक पडतो, आणि तेवढ्या तिरक्या सुरीला लाकूड झिडकारतं. आखूड सुरी भराभर गिरकी घेते, लांब सुरी संथ. नवख्या माणसाचं पाऊल आणि हात सुटण्याची वेळ रोज थोडी इकडेतिकडे होणारच. त्याला चूक पोटात घालणारी सुरी हवी. लहान हाताचा माणूस त्याला अपवाद नाही. उलट त्याच्या हातात आखूड सुरी देणं म्हणजे खेळ अवघड करून देणं. युरोपातल्या स्पर्धांत सुरी किमान 23 सेंटिमीटर लांब असावी असा नियम आहे. माझा कल त्याच्याही वर, 28 ते 30 सेंटिमीटरकडे असतो, आणि तो लहान हातासाठीसुद्धा तेवढाच असतो.

मग वजनाचं काय? हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या जुन्या फेकपटूंमध्ये एक ठोकताळा चालत आला आहे: सुरीच्या दर इंचाला एक औंस, किंवा थोडं जास्तच. म्हणजे बारा इंची सुरीला 340 ग्रॅम. भरदार हाताला हे ठीक आहे. लहान हाताला एवढं वजन पाच-दहा फेकी सोसतं, मग कोपर खाली यायला लागतं. माझ्या वर्गात नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. आधीच्या शिकवणीतून ती आपली जड सुरी घेऊन आली होती. पहिल्या काही फेकी छान पडल्या. मग हळूहळू सुरी ओंडक्याच्या खालच्या कडेकडे सरकायला लागली. मी तिच्या बाजूला उभी राहून फक्त हात पाहत राहिले. जाड मूठ हातात मावत नाही म्हणून ती जीव खाऊन आवळत होती. आवळलेली मूठ उशिरा सुटते आणि उशिरा सुटलेली सुरी खाली जाते. करंगळी तर मुठीभोवती पुरी वळतच नव्हती. तीन बोटांवर तोललेली सुरी सुटताना मनगटाला पीळ देत होती. तिला वाटत होतं, आपल्यात ताकद कमी आहे. ताकद भरपूर होती, रुग्णाला उचलून बसवण्याइतकी. अडचण मुठीच्या मापाची होती.

अशा वेळी सुरीत नेमकं काय कमी करायचं, हे गणित एकदा कागदावर करून पाहावं. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन साधारण 7.85 ग्रॅम. तीस सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड पट्टी घेतली तर ती 353 ग्रॅम भरते. दुकानदाराच्या पद्धतीनं हलकी करायची म्हणून लांबी वीसवर आणली, तर वजन होतं 235 ग्रॅम. आता दुसरा मार्ग. लांबीला हात लावायचा नाही. रुंदी अडीच सेंटिमीटर करायची आणि जाडी चार मिलिमीटर. तरीही वजन भरतं तेवढंच, 235 ग्रॅम. दोन्ही पट्ट्या तराजूत सारख्या, पण हवेत वेगळ्या. सारख्या वजनाच्या पट्टीचा गिरकीला होणारा विरोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीसच्या पट्टीचा हा विरोध वीसच्या पट्टीपेक्षा सव्वादोन पट असतो, म्हणून ती संथ वळते. शिवाय अडीच सेंटिमीटर रुंदीची पातळ मूठ लहान हातात मावते, तीनची मावत नाही. म्हणजे लांबी राखून रुंदी आणि जाडी उतरवली की वजन, पकड आणि गिरकी तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. टोक काढल्यावर पंधरा-वीस ग्रॅम आणखी कमी होतात, आणि हाती येते सव्वादोनशेच्या आसपासची सुरी.

अशी सुरी तयार मिळणं कठीण. घडवून घ्यावी लागते. मी ज्या लोहार मामा-मामींकडून घडवून घेते, ते सासवडच्या बाजूला राहतात. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी हे त्यांचं रोजचं काम. भात्याशी आणि ऐरणीवर मामा, आणि समोर घण घेऊन मामी. सांडशीत धरलेला लाल तुकडा मामा ऐरणीवर फिरवतात, हातोडीनं जागा दाखवतात आणि मामींचा घण बरोबर त्या जागी पडतो. दोघांत एक शब्द होत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी अडचण सांगितली. लहान हातासाठी सुरी हवी, पण लांबी कमी करायची नाही. मामांनी मान हलवली आणि जवळचं एक खुरपं उचलून दाखवलं. ‘ताई, हे बायामाणसाचं खुरपं. पातं गड्याच्या खुरप्याएवढंच. तण काय बाईला बघून बारीक उगवतं व्हय? मूठ तेवढी बारीक केलीय.’ मला जे सांगायला अर्धा तास लागला असता, ते त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं.

माल म्हणून आम्ही ट्रकचा जुना कमानपाटा वापरतो. तो स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. वाकला तरी परत सरळ होतो, आणि फेकायच्या सुरीला नेमका हाच गुण हवा. भंगारातून पाटा निवडताना मामा तो दोरीला टांगून हातोडीनं टकटक करतात. नाद लांबवर घुमला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर बाजूला टाकायचा, आत चीर असते. पाट्याच्या मध्यावर बोल्टचं भोक असतं. ओझ्याचा ताण तिथे बसून बसून बारीक तडे जातात, म्हणून भोकाच्या आजूबाजूचा तुकडा ते घेतच नाहीत. कारखान्यातल्या सुरीवर पोलादाचा प्रकार छापलेला मिळतो, पण ती निवड कुणी आणि कशी केली ते दिसत नाही. हाताच्या कामात ते डोळ्यांसमोर घडतं.

पाटा तापवून ठोकून चार मिलिमीटरवर आणायचा, मग आकार. इथे मूठ घडते, आणि मूठ घडताना मामींचा शब्द शेवटचा असतो. त्यांचा स्वतःचा हात लहान आहे, आणि वर्षानुवर्षं घण पेललेला आहे. कच्ची सुरी गार झाली की त्या उचलतात, मुठीत धरतात, डोळे मिटून दोनदा उघडझाप करतात. पहिल्या नमुन्याची मूठ मध्ये थोडी फुगीर ठेवली होती, हातात भरल्यासारखी वाटावी म्हणून. मामींनी ती लगेच नापसंत केली. ‘मधी पोट नको. पोटावर हात अडकतो, सुटायचा न्हाई.’ मग अंगठ्यानं कडा चाचपून म्हणाल्या, ‘आणि ह्या कडा मारा. करंगळीला टोचलं की ती आधी सोडती.’ मामांनी कानस घेतली आणि चारही कडा गोल केल्या. मुठीचा शेवट रुंदीला दोन सेंटिमीटरवर निमुळता केला. त्या निमुळतेपणाचा आणखी एक फायदा झाला. टोक काढताना पात्याकडचं लोखंड कमी होतं आणि तोल मुठीकडे सरकतो. मूठही निमुळती केली की तो पुन्हा मध्यावर येतो. मध्यावर तोल असलेली सुरी मुठीकडूनही फेकता येते आणि पात्याकडूनही, म्हणून शिकणाऱ्याला तीच बरी.

मुठीवर लाकूड, शिंग, दोरी, रबर यांतलं मी काहीच चढवू देत नाही. दिसायला ते छान दिसतं. पण सुरी ओंडक्यावर आदळताना सगळा धक्का मुठीतून जातो. पहिल्या महिन्यात लाकूड तडकतं, रिवेट ढिले होतात, दोरी सरकते. शिवाय चढवलेल्या प्रत्येक गोष्टीनं मूठ जाड होते, आणि लहान हाताला तेच नको असतं. उघडं, गुळगुळीत पोलाद हातातून सहज निसटतं, आणि या खेळात ते निसटायलाच हवं.

पाणी देणं हा सर्वांत नाजूक भाग. सुरी तापवून तेलात बुडवली की ती काचेसारखी कडक होते. तशीच फेकली तर दगडावर पडताच टोक उडेल. म्हणून ती पुन्हा हलक्या आचेवर तापवायची आणि घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर उमटणारे रंग बघायचे. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. पिवळा साधारण 220 ते 230 अंश सेल्सिअसला दिसतो, निळा 290 ते 300 ला. कोयत्याला धार टिकवायची असते, म्हणून तिथे मामा पिवळ्या-तपकिरीवर थांबतात. फेकायच्या सुरीला धार नकोच असते, धक्का सोसणं हवं असतं. म्हणून तिला निळ्यापर्यंत न्यायचं, आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखं न्यायचं. निळा झालेला पाटा वाकवला तर किंचित वाकतो आणि परत येतो. एखादी सुरी वाकडी झाली तर ती ठोकून सरळ करता येते. तुटलेल्या सुरीचा तुकडा कुणाच्या पायात जाईल याची मात्र शाश्वती नसते. लहान हातासाठी आपण सुरी पातळ करतो, म्हणून ही काळजी इथे दुप्पट घ्यावी लागते.

धार आम्ही लावतच नाही. पात्याच्या दोन्ही कडा बोथट, फक्त टोक निमुळतं, तेही सुईसारखं नाही. सुईसारखं टोक पहिल्याच कठीण गाठीवर वळतं. कडा बोथट असल्यामुळे पात्याकडून धरून फेकायलाही भीती राहत नाही, आणि नवख्याची बोटं शाबूत राहतात.

तयार सुऱ्या घ्यायला जाताना मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरोबर नेते. एकटी सुरी कितीही सुबक असली तरी उपयोगाची नाही. किमान तीन हव्यात, आणि तिन्ही एकमेकींसारख्या हव्यात. हाताच्या कामात फरक राहतो, ते साहजिक आहे. पण एक सुरी 215 ग्रॅमची आणि दुसरी 240 ची असेल, तर फेकणाऱ्याला कळत नाही की चूक आपली की सुरीची. जड हाताला पंचवीस ग्रॅम जाणवत नाहीत, हलक्या हाताला नक्की जाणवतात. म्हणून संचातला फरक पाच ग्रॅमच्या आत असावा असा माझा आग्रह असतो. मग पट्टीच्या कडेवर प्रत्येक सुरीचा तोल बघायचा आणि तिथे खडूची रेघ मारायची. रेघा एका ओळीत आल्या नाहीत तर मामा कानशीनं थोडं घासून देतात. मी मांडामांड करत असताना मामी शेजारी बसून काट्यावरचे आकडे वाचतात, आणि एखादी सुरी इतरांशी जुळली की पहिल्यांदा हसतात त्याच.

मैदानावर सुरीइतकंच लाकूडही महत्त्वाचं आहे. युरोपात पॉप्लरचे ओंडके वापरतात. आपल्याकडे सावरीचं लाकूड मऊ आणि चांगलं, आंब्याचंही चालतं. ओंडका आडवा कापून त्याची गोल चकती समोर करायची, म्हणजे तंतूंची टोकं फेकणाऱ्याकडे येतात. सुरी त्या तंतूंच्या मधून शिरते आणि काढली की जागा बरीचशी मिटते. फळीचं तसं नाही, ती उभी चिरते आणि सुरी परत फेकते. सव्वादोनशे ग्रॅमची सुरी रुतत नाही अशी तक्रार कानावर आली की मी आधी लाकूड पाहते. वाळून खडखडीत झालेला ओंडका रात्रभर भिजत ठेवला की निम्म्या तक्रारी मिटतात. सुरीवर सुरी आदळून मुठीवर बारीक कूस उठते, ती रोज कानशीनं काढायची. लहान, मऊ हातांना ती कूस आधी लागते. आणि फेकणाऱ्याच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही, पायात बंद बूट हवेत, तिन्ही सुऱ्या फेकून झाल्यावरच सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. या नियमांना माझ्याकडे सूट नाही.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण घडवून घेणाऱ्यावरच ती जबाबदारी येते. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीच्या कामाच्या नसलेल्या हत्यारांचा वेगळा उल्लेख आहे. आमच्या तीस सेंटिमीटरच्या सुरीत मूठ वगळता पातं आठ इंचांच्या आत राहतं, रुंदी एका इंचाच्या आसपास. तरीही ती खिशात किंवा पर्समध्ये घालून हिंडण्याची वस्तू नव्हे. पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. त्या काळात सुऱ्या कुलूपबंद पेटीतून बाहेर निघत नाहीत, वर्ग बंद राहतो. स्वसंरक्षणासाठी सुरी फेकायला शिकवा म्हणून येणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देते. हा अचूकतेचा आणि संयमाचा खेळ आहे, त्याला तसंच राहू द्यावं.

नर्सिंगच्या त्या मुलीला मी पातळ मुठीचा संच दिला तेव्हा तिला दुसरं काहीच नवं शिकवलं नाही. उभं राहणं तेच, अंतर तेच. फक्त चारही बोटं मुठीभोवती पुरी वळली, टोकं अंगठ्याच्या मुळाशी अलगद टेकली, आणि आवळायची गरज उरली नाही. सुरी ओंडक्याच्या मध्याकडे परत आली. त्यानंतर तिनं ताकदीचा विषय काढला नाही. मला यातलं मोल नेमकं इथे वाटतं. चुकीच्या मापाचं साधन हातात आलं की माणूस दोष स्वतःला लावून घेतो, आणि लहान हाताच्या माणसांना ही सवय फार लवकर लागलेली असते. पाट्या, कात्र्या, स्क्रू ड्रायव्हर, क्रिकेटची बॅट, सगळीकडे त्यांना ‘होईल सवय’ हेच ऐकावं लागतं. सवय सरावाची व्हावी, चुकीच्या मापाची होऊ नये.

म्हणून जो कुणी आपल्यासाठी सुरी घडवून घेणार असेल, त्याला माझं सांगणं असं आहे. आधी चार मिलिमीटर प्लायवुडचा तीस सेंटिमीटरचा नमुना कापा. मूठ तासत तासत आपल्या हाताला बसेपर्यंत बारीक करा आणि तो नमुना घेऊन लोहाराकडे जा. बोटांची टोकं तळहातात रुतत नाहीत आणि करंगळी बाहेर राहत नाही, एवढं पाहा. निळ्या रंगापर्यंत उतरवायला सांगा. वजन तिथेच करून घ्या. भाव करताना घणाच्या श्रमाची जाण ठेवा. आणि ‘बायकांचं काम आहे, आखूडच करतो’ असं म्हणत कुणी लांबी कापायला घेतली, तर त्याचा हात तिथेच थांबवा.